ओहोटीची वेळ

केळंबी, ता. खेड
१८ नोव्हेंबर २०२४

मनू,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर तुझ्या फोटोच्या जागी नुसता करडा गोल दिसतो, म्हणजे मला ब्लॉक केलंयस, एवढं कळतं मला. राहिलं पोस्ट. एकतीस वर्षं या गावचं पोस्ट मी सांभाळलं, तेव्हा पत्र कोणाला ब्लॉक करता येत नाही हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? वाच नाहीतर फाड, पुण्याचा पोस्टमन ते तुझ्या हातात देणारच.

मे महिन्यातल्या ग्रामसभेबद्दल लिहायला बसलेली नाही मी. एवढंच म्हणते, की "चार पुस्तकं शिकलीस म्हणून तुला आमची खाडी कळली काय गो?" असं भर सभेत मी म्हणाले, ते जरा जास्त झालं. जरा. सगळ्या बायका आदल्या आठवड्यापासून माझ्या दारात येऊन भांडत होत्या, कुसुमताई तुमची मुलगी खाडीवरची बंदी संपवू देत नाही, आमच्या पोटावर उठलीय म्हणून. त्यांचा राग मी तुझ्यावर काढला. पण तूही मीटरची पेटी ओटीवर ठेवून "मग तूच मोज" म्हणालीस आणि जेवण न करता दुपारच्या एसटीने गेलीस. वालाची उसळ केली होती तुझ्यासाठी. ती मी दोन दिवस एकटीने खाल्ली.

तर मोजतेय. रोज, ओहोटीला. पुण्याच्या तुझ्या संस्थेत बसून तू बघतेसच. आजचा आकडा ५.८.

आपल्या खाडीच्या फेसबुक पेजवर नवी नवी माणसं येतात आणि सारखं विचारतात, काय झालं होतं, काय झालं होतं. म्हणून मी एक मजकूर लिहून वर चिकटवून ठेवलाय. बरा आहे का बघ:

"चार वर्षांपूर्वी घाटात रसायनाचा टँकर कलंडला आणि सगळं ओढ्यातून केळंबीच्या खाडीत उतरलं. मासे पोट वर करून तरंगले. चिखलातले शिंपले, आमच्या तिसऱ्या, जागच्या जागी मेल्या. गावाने नारळ ठेवून खाडीत बंदीचा खांब रोवला, तेव्हापासून कोणी तिसऱ्या काढायला उतरत नाही. दोन वर्षं आम्ही पाण्यातला प्राणवायू मोजून रोज या पेजवर टाकतो. ओहोटीचा आकडा सलग पाच महिने पाचच्या वर राहिला, तर बंदी उठेल. ओहोटीच का? कारण भरतीला समुद्राचं ताजं पाणी आत आलेलं असतं. खाडीची खरी तब्येत ओहोटीलाच कळते."

शेवटची दोन वाक्यं तुझी आहेत. तू बायकांना शिकवलंस तेव्हा बोललेलीस तशीच ठेवलीत.

आई


केळंबी
९ डिसेंबर

मनू,

उत्तर आलं नाही. येईल असं काही मला वाटलं नव्हतं.

गुडघ्याबद्दल सदू भावोजींनी तुला फोनवर काय सांगितलं असेल ते त्यांच्या सवयीप्रमाणे वाढवून सांगितलं असेल. होडी चालवणारा माणूस, चार फुटांच्या लाटेची चौदा करतो. झालं ते एवढंच. गणपतीच्या आधी मी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात मोजायला उतरले, चिखल भुसभुशीत होता, डावा पाय मांडीपर्यंत आत गेला आणि गुडघा पिरगळला. कोणी नव्हतं आसपास. पाणी चढायला लागलं होतं. कमरेपर्यंत आलं तेव्हा भावोजींची होडी दिसली. खेडच्या डॉक्टरांनी गुडघ्याला बांधायचा पट्टा दिलाय, काठी दिलीय. काठी मी कपाटामागे ठेवलीय, म्हातारीसारखं दिसतं.

भ्याले होते मात्र. हे कोणाला सांगितलेलं नाही. कमरेला पाणी लागलं तेव्हा मला तुझीच आठवण झाली, आणि वाटलं, आता ही मुलगी जन्मभर म्हणत बसेल की मीच आईला मोज म्हणाले होते.

ते जाऊ दे. आकडा आज ६.१! आपल्या पेजला साडेतीन हजार माणसं झाली. मिरकरवाड्याहून एकाने लिहिलंय, आमच्याही बंदरात या म्हणून. मी उत्तर दिलं, आधी आमची खाडी धड होऊ दे. आणि तू प्रत्येक आकड्याखाली हिरवी खूण करतेस ना, "तपासले – मनस्विनी" अशी, ती मी सकाळी चहाच्या आधी बघते. खूण दिसली की तू उठलीस, कामाला लागलीस, बरी आहेस, एवढं मला कळतं. एक दिवस मी आकडा टाकला नव्हता, पाय सुजला होता म्हणून, तर दिवसभर तुझं काहीच नाही. तो दिवस फार वाईट गेला.

सदू भावोजी काल धक्क्यावर म्हणाले, "वैनी, तुमच्या ओहोटीला पाणी बरंच असतं हां." मी म्हटलं, "भावोजी, तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी आहे?" हसले आणि गेले. जिभेला हाड नाही त्या माणसाच्या.

आई


केळंबी
६ जानेवारी २०२५

मनू,

तू खूण करण्याआधी खरंच तपासतेस ना? की ते मशीन आपोआप करतं?

विचारायचं कारण, पहिल्या वर्षी तू इथे नसताना मी मोजायचे, तेव्हा एक आकडा इकडचा तिकडे झाला तर तीन तीन फोन करायचीस. "आई, मीटर धुतलंस का? किती खोल बुडवलंस? पाऊस होता का?" आता चार महिन्यांत तीनावरून सहावर गेलो आणि तू एक शब्द विचारत नाहीस. चांगला आकडा आला की कोणी प्रश्न विचारत नाही, असं आहे का?

गंधार आठवतो ना, वरच्या वाडीतला, मुंबईला जाहिरातीच्या कंपनीत असतो तो? त्याने परवाच्या फोटोखाली लिहिलं, "काकू, मागे पायऱ्या दिसत नाहीत, पाणी केवढं चढलंय!" त्याने आपलं कौतुकाने लिहिलं होतं. मी ती कमेंट काढून टाकली. पेजची किल्ली माझ्याकडे आहे म्हणून काढली. मग त्याला वाईट वाटेल म्हणून त्याच्या दुसऱ्या फोटोला बदाम दिला. आता मी फोटो फक्त मीटरचा आणि माझ्या हाताचा काढते, मागचं काही येऊ देत नाही.

हे तुला का सांगतेय मी? माझं मलाच कळत नाही.

यमुनाबाई रविवारी आली होती. तिसऱ्या बंद झाल्यापासून ती खेडच्या एका खानावळीत भांडी घासते, पहाटेच्या एसटीने जाते नि संध्याकाळी येते. हात बघवत नाहीत तिचे. ओटीवर बसून मला म्हणाली, "ताई, तुमचा तो आकडा मला रोज सून वाचून दाखवते. सहा म्हणजे चांगलं ना वो?" मी म्हटलं, चांगलं. म्हणाली, "मग आता मी माझ्या चिखलात मरायला मोकळी." आणि हसली. मी आत जाऊन तिच्यासाठी चहा ठेवला आणि दूध उतू जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.

झोप लागत नाही हल्ली. वय झालं असेल.

आई


केळंबी
१७ फेब्रुवारी

मनू,

पाच महिने झाले. काल सभा झाली. रविवारी २ मार्चला बंदी उठणार. शिमग्याला मुंबईची मंडळी येतील तेव्हा घराघरांत तिसऱ्यांचं सुकं शिजलं पाहिजे, असं सरपंच म्हणाले आणि टाळ्या पडल्या. माझा सत्कार केला. शाल घातली गो मला. आणि त्याच पारावर घातली, जिथे मी तुला बोलले होते.

तू काल पेजवर लिहिलंस, "केळंबीच्या बायकांनी करून दाखवलं. आमच्या संस्थेतर्फे अभिनंदन." खाली तुझं नाव. सहाशे माणसांना आवडलं. तू ते माझ्यासाठी लिहिलंस की सगळ्यांसाठी हे मला कळेना, म्हणून मी ते वीसेक वेळा वाचलं.

यमुनाबाईने खानावळीतलं काम सोडलं. काल सांगून आली मालकाला, की आता येणार नाही. नवी पाटी आणलीन बुरुडाकडून. मला दाखवायला घेऊन आली.

मनू, भरतीला मोजलं तर आकड्यात किती फरक पडतो? असंच विचारते. एकदा फोन कर. रागाने कर, पण कर.

आई


केळंबी
२४ फेब्रुवारी

मनू,

हे पत्र स्पीड पोस्टने टाकतेय, खेडला स्वतः जाऊन, म्हणजे तुला वेळेत मिळेल.

सगळं सांगते. मध्ये थांबले तर परत लिहिणार नाही, म्हणून एका दमात लिहिते.

गुडघा पिरगळल्यापासून मी ओहोटीला एकदाही खाली उतरलेले नाही. धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून मोजते. ओहोटीला पाणी पायऱ्यांपासून पन्नास पावलं लांब जातं, मध्ये सगळा चिखल. भरतीला ते पायऱ्यांवर येतं. म्हणून भरतीला मोजते. रोज. पाच महिने.

तुमच्या ॲपमध्ये "ओहोटी" असं भरावं लागतं, नाहीतर नोंद लाल होते आणि तुझी खूण येत नाही. धक्क्यावर रेंज नाही, त्यामुळे वेळ घरी येऊन हातानेच भरायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते आणि त्यात सहा तास मिळवले की ओहोटीची, हे मला माझ्या सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं, कधी पाण्यात जायचं नि कधी नाही ते कळावं म्हणून. मी त्यावरून ओहोटीची अगदी बरोबर वेळ काढायची आणि भरतीच्या आकड्यापुढे लिहायची. आजची एकादशी. आठच्या सुमाराला भरती होती, मी लिहिलं दोन वाजून दहा मिनिटं. तुझ्या संस्थेतल्या कोणालाही त्यात चूक सापडली नसती, इतकं चोख लिहिलंय.

एकतीस वर्षांत एका पत्रावर मी चुकीच्या तारखेचा शिक्का मारला नाही. तुझ्या बाबांच्या नोकरीचं पत्र एक दिवस उशिरा आलं होतं, ते म्हणाले आदल्या दिवसाचा मार, कोणाला कळतंय. नाही मारला. आणि आता हे.

पहिल्या दिवशी वाटलं, पाय बरा होईपर्यंत. मग आकडा चढला आणि सगळे खूश झाले. तू रोज खूण करायला लागलीस. मग कुठल्या तोंडाने सांगू? मोजणं थांबवावं तर तुझी रोजची खूणही जाते, आणि खरं मोजायला उतरायची मला भीती वाटते. खरंच भीती वाटते, मनू. पाण्याचा आवाज आला की मी खिडकी लावून घेते.

खाली खरा आकडा काय आहे मला माहीत नाही. तीन असेल, दोन असेल. रविवारी चाळीस बायका उतरणार आहेत. तिसऱ्या मिळतील त्या उपसतील, घरी नेऊन पोरांना घालतील. त्या विषारी असतील का? तू सांगितलं होतंस, तिसरी जिथे राहते तिथलं सगळं स्वतःत साठवते. एकाही पोराच्या पोटात दुखलं तर मी काय करू?

तू एक कर. तिथून पत्र पाठव सरपंचांना, की संस्थेला आणखी सहा महिने तपासायचंय. मशीन बिघडलं होतं म्हण. काहीही म्हण. माझं नाव घेऊ नकोस. तुझं ऐकतील.

आई


केळंबी
२ मार्च, रविवार दुपार

मनू,

स्पीड पोस्ट तुला गुरुवारी मिळालं, नेटवर बघितलं मी. "प्राप्त" असं आलं. त्याच दिवसापासून हिरवी खूण बंद झाली. म्हणजे वाचलंस. शुक्रवार गेला, शनिवार गेला, सरपंचांना काही पत्र आलं नाही, मला फोन आला नाही. पहिल्यांदा तुझा फार राग आला. मग मी परत माझंच पत्र आठवून बघितलं. मे महिन्यात तुला सगळ्यांसमोर मूर्ख ठरवलं, आणि आता तुलाच सांगतेय की माझ्यासाठी खोटं बोल. तू बोलली नाहीस ते बरं केलंस. तू माझीच मुलगी आहेस.

सकाळी साडेआठला ओहोटी होती. झाडून सगळा गाव धक्क्यावर. मुंबईची पाचपंचवीस माणसं आलेली, गंधार मोबाइल काठीला लावून उभा. चिखलात खांब, खांबाला हार. सरपंच नारळ घेऊन पुढे झाले आणि मी म्हटलं, "थांबा. आधी आजचा आकडा घेते." सगळे कौतुकाने बाजूला झाले. शाल मिळालेली बाई ना मी!

उतरले मी. चप्पल काढली, पेटी गळ्यात अडकवली. चिखल थंडगार. तिसऱ्या पावलाला गुडघा लटपटला आणि मी मोठ्याने "अगो आई" म्हटलं, तर मागे लोक हसले. सदू भावोजी एकटे हसले नाहीत. ते होडीतून उतरून माझ्यामागून दहा पावलांवर चालत आले. पन्नास पावलं. मीटर बुडवलं. २.९.

मी तिथूनच ओरडून सांगितलं. दोन पॉइंट नऊ. मग सांगितलं, की पाच महिने मी भरतीला मोजलं आणि ओहोटी लिहिलं. धक्क्यावर कोणाला नीट ऐकू गेलं नाही, "काय? काय?" करायला लागले. म्हणून परत सांगावं लागलं. हे एकदा सांगायला कठीण होतं, दोनदा फारच कठीण.

शिव्या आल्या. याव्यातच. सरपंचांच्या हातात नारळ तसाच. कोणी म्हणालं, तीन म्हणजे काय मरत नाही कोणी, उतरा. दोघीतिघी उतरल्याही. तेवढ्यात यमुनाबाई पाटी घेऊन माझ्यापर्यंत आली. मला म्हणाली, "ताई, मी काम सोडलं वो." एवढंच. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मग तिने खाली बसून चिखलात हात घातला. चार वर्षांनी. कोपरापर्यंत. मूठ बाहेर काढून पाण्यात धुतली आणि उघडली, तर तिच्या तळव्यावर तिसऱ्या होत्या, जिवंत, वालाच्या दाण्याएवढ्या. सात की आठ. तोंडं घट्ट मिटलेली. आकडा खोटा होता, पण खाडी अगदीच मेलेली नव्हती. आज चाळीस जणींनी उपसलं असतं, तर त्यातली एक उरली नसती.

यमुनाबाईने त्या एकेक करून बोटाने परत चिखलात दाबल्या. उठली, खाली आलेल्या बायकांना म्हणाली, "चला वर. पोरं हायत ती अजून." आणि वर गेली. माझ्याकडे बघितलं नाही. खांब आहे तिथेच आहे. नारळ सरपंचांनी खांबापाशीच ठेवला, आणखी एका वर्षाची बंदी म्हणून.

गंधारने सगळं चित्रित केलं होतं. वर येऊन मला विचारलंन, "काकू, हे टाकू नको ना?" मी म्हटलं, "टाक. पेजवरच टाक, माझ्या नावानिशी." पाच महिन्यांच्या प्रत्येक नोंदीखाली मी आता "भरतीला घेतलेला आकडा" असं लिहायला घेतलंय. एकशे बासष्ट नोंदी आहेत, छत्तीस झाल्या. व्हिडिओखाली दीडशे कमेंट आहेत. लबाड म्हातारी, हिच्यावर केस करा, असल्या. एकही काढलेली नाही.

आता पत्र बंद करणार होते, तेवढ्यात फोन वाजला. पेजवर तुझं उत्तर आलंय. खाली उतरवून घेते, म्हणजे माझ्याकडे कागदावर राहील:

"१६२ नोंदी अभ्यासातून वगळल्या आहेत. झालेल्या चुकीची जबाबदारी तपासणारी म्हणून माझीही आहे. आकडे हवे तसे येत होते, म्हणून मी प्रश्न विचारले नाहीत. आजची नोंद ग्राह्य धरली आहे. कृपया उद्या ओहोटीला त्याच जागी पुन्हा मोजावे."

आणि त्याखाली एक ओळ वेगळी, दोन मिनिटांनी टाकलेली:

"काठी घेऊन उतर."

आई


केळंबी
३ मार्च

मनू,

सकाळी नऊ वीस. ओहोटी. ३.०.

सदू भावोजी बरोबर होते. यमुनाबाई पहाटेच्या एसटीने खेडला गेली, खानावळवाल्याने परत घेतलं की नाही ते संध्याकाळी कळेल. मी थांब्यावर जाऊन बसणार आहे. बोलली तर बोलली.

चौतीस पावलांवर थांबून दम खाल्ला. मग पुढे गेले. काठी घेतली होती.

आई